तुंबा व धारवे, जुन्या मोटारगाडीच्या चाकांचे

चाकाचा जो मध्यभाग आसावर बसतो व ज्याला आरे किंवा तबकडी जोडलेली असते, त्याला तुंबा म्हणतात. हा शब्द बैलगाडीच्या चाकावरून आलेला आहे. मोटारगाडीच्या कारखान्यांत याच भागाला हब असे म्हणण्याची पद्धत आहे. फिरणारा तुंबा व स्थिर आस यांच्यामध्ये, किंवा फिरणारा आस व त्याचे स्थिर आवरण यांच्यामध्ये, घर्षण कमी करण्यासाठी आणि भार पेलण्यासाठी जो भाग बसवितात तो धारवा, म्हणजेच बेअरिंग होय. बैलगाडीत लाकडी तुंब्यात बसविलेले लोखंडी नळकांडे आसावर सरळ घासत फिरते व मधूनमधून वंगण घातले की काम भागते. मोटारगाडीचा वेग, तिचे वजन व वळणावर चाकावर येणारा आडवा रेटा यांमुळे ही रचना तिला पुरत नाही.

ब्रिटनमध्ये १९३४ साली स्थापन झालेल्या व्हिंटेज स्पोर्ट्‌स-कार क्लबने १९३० अखेरपर्यंत तयार झालेल्या गाड्यांना ‘व्हिंटेज’ ही संज्ञा रूढ केली. काटेकोरपणे ती पहिल्या महायुद्धानंतरच्या गाड्यांपुरती असली, तरी प्रस्तुत नोंदीत तिचा अर्थ थोडा सैल घेतला आहे. मुख्य उदाहरण म्हणून १९०८ ते १९२७ या काळात दीड कोटीपेक्षा अधिक संख्येने तयार झालेली फोर्ड कंपनीची ‘टी’ ही गाडी घेतली आहे. तिच्या पुढील व मागील चाकांची बसवणूक अगदी भिन्न तत्त्वांवर आधारलेली असल्याने या विषयातील बहुतेक सर्व प्रश्न तिच्यात एकत्र पाहावयास मिळतात.

चाकाच्या मध्यभागी दोन प्रकारचे सांधे असतात. काही सांधे अजिबात हलता कामा नयेत, उदा., तुंब्याच्या पोकळीत बसविलेले धारव्याचे बाह्य कडे, किंवा मागील आसाच्या निमुळत्या टोकावर बसविलेला तुंबा. काही सांधे मोकळेपणाने फिरलेच पाहिजेत, उदा., धारव्यातील रूळ व कडी. पहिल्या प्रकारचा सांधा सैल राहिला किंवा दुसऱ्या प्रकारचा घट्ट झाला, तर चाक निखळण्यापर्यंत मजल जाते. आधुनिक गाडीत धारवा, तुंबा व वंगण कारखान्यातच बंदिस्त केलेले असतात आणि जोडारी तो संच ठरलेल्या पिळाने आवळतो. जुन्या गाडीत मात्र सांधा किती घट्ट वा किती मोकळा ठेवावयाचा हे प्रत्येक वेळी जोडाऱ्याच्या हाताने ठरते.

पूर्वपीठिका : गोलकांचा धारवा मोटारगाडीपेक्षा बराच जुना आहे. वेल्समधील फिलिप व्हॉन यांनी १७९४ मध्ये गाडीच्या आसासाठी गोलक वापरण्याचे एकस्व मिळविले होते. पॅरिसच्या झ्यूल स्यूरीरे यांनी १८६९ मध्ये सायकलीसाठी गोलक धारव्याचे एकस्व घेतले. तथापि सर्व गोलक एकसारख्या व्यासाचे नसतील, तर मोठ्या गोलकांवरच सगळा भार पडतो. ही अडचण जर्मनीतील श्वाइनफुर्ट येथील फ्रीड्रिख फिशर यांनी १८८३ मध्ये गोलक घासून सारखे करणारे यंत्र तयार केल्यावर दूर झाली. अमेरिकेतील हेन्री टिमकेन यांनी १८९८ मध्ये निमुळत्या रुळांच्या धारव्याचे एकस्व मिळविले. यातील रूळ व कडी शंकूच्या आकाराची असल्याने चाकावरील उभा भार व वळणावरील आडवा रेटा हे दोन्ही एकच धारवा पेलतो. शिवाय गोलक कड्याला एका बिंदूत टेकतो, तर रूळ एका रेषेत टेकतो. त्यामुळे त्याच आकारमानात रुळांचा धारवा अधिक भार घेऊ शकतो. घोडागाड्या बनविणाऱ्या टिमकेन यांच्या या शोधाचा खरा लाभ मोटारगाडीला झाला.

पुढील चाक : फोर्ड ‘टी’ गाडीचे पुढील चाक आसाच्या टोकाशी असलेल्या स्थिर खुंटावर फिरते. तुंब्यात दोन धारवे असतात : आतील मोठा व बाहेरील लहान. सुरुवातीच्या गाड्यांत ते गोलकांचे होते. १९१९ पासून त्यांच्या जागी निमुळत्या रुळांचे धारवे क्रमाक्रमाने आले. दोन्ही प्रकारांत बाह्य कडी तुंब्याच्या पोकळीत दाबून बसविलेली असतात. आतील धारव्याचे अंतर्वलय, ज्याला शंकू म्हणतात, ते खुंटाच्या मुळाशी घट्ट असते. बाहेरील धारव्याचा शंकू मात्र खुंटावरील आट्यांवर फिरवून आत-बाहेर सरकविता येतो. धारव्यातील मोकळीक ठरते ती येथेच. त्यानंतर वॉशर, खाचांचा नट व फाटीची पिन येते. चालकाच्या डाव्या हाताच्या खुंटावरील आटे डाव्या पिळाचे असतात. गाडी पुढे जात असता धारव्यातील ओढीने शंकू सैल होऊ नये हा त्यामागील हेतू आहे. हे माहीत नसलेला मनुष्य डावा नट सोडविण्याऐवजी अधिकच आवळतो व आटे खराब करतो.

तपासणी : धारवे उतरविल्यावर ते रॉकेलने धुऊन पूर्ण कोरडे करतात. दाबाच्या हवेने धारवा गरगर फिरविण्याची सवय कारखान्यांत आढळते, पण ती वाईट आहे. वंगणाविना वेगाने फिरलेले रूळ व कडी ओरखडली जातात आणि प्रसंगी पिंजरा तुटून रूळ उडतात. कड्यांचा पृष्ठभाग एकसारखा, राखी व गुळगुळीत असला पाहिजे. त्यावर बारीक खळगे किंवा पापुद्रे निघालेले दिसल्यास तो धातूच्या शिणवट्याचा परिणाम असतो. निळसर वा तपकिरी झाक दिसल्यास धारवा तापून त्याचे पाणी उतरले आहे असे समजावे. रुळांच्या अंतराइतक्या अंतरावर ओळीने पडलेले खड्डे मात्र वेगळी कथा सांगतात : एक तर धारवा हातोड्याने ठोकून बसविलेला असतो, किंवा गाडी फारशी न चालता दीर्घकाळ एकाच जागी कंप सोशीत उभी असते. संग्रहातील गाड्यांचे धारवे झिजून खराब होण्यापेक्षा उभे राहून व गंजून खराब होतात, हे लक्षात ठेवण्याजोगे आहे. शंकू व बाह्य कडे ही जोडी एकत्र घासलेली असल्याने ती नेहमी एकत्रच बदलावी. दुसऱ्या गाडीतून काढलेल्या कड्यात नवा शंकू फिरविण्यात काटकसर होत नाही.

कडी बसविणे : नवे कडे तुंब्याच्या पोकळीपेक्षा किंचित मोठे असते, या फरकामुळेच ते घट्ट राहते. दाबयंत्र उपलब्ध असल्यास त्याने, नसल्यास पितळेच्या किंवा मऊ धातूच्या सळईने कडेकडेने फिरत थोडेथोडे ठोकून ते बसवितात. पोलादाच्या सळईने कड्याचा कडक पृष्ठभाग तडकतो. तुंबा प्रथम तापविल्यास काम पुष्कळ सोपे होते. पोलाद १° से. तापमानवाढीस आपल्या लांबीच्या सु. १२ दशलक्षांशाने प्रसरण पावते. म्हणजे ६० मिमी. व्यासाची पोकळी ८०° से. ने अधिक तापविली, तर तिचा व्यास सु. ०·०६ मिमी. वाढतो आणि एरवी दाब द्यावा लागणारे कडे जवळजवळ हातानेच आत उतरते. लाकडी आऱ्यांच्या चाकात मात्र तुंबा तापविताना फार जपावे लागते. फोर्ड ‘टी’ च्या बहुतेक चाकांचे आरे हिकरी या चिवट लाकडाचे असून त्यांची मुळे तुंब्याच्या दोन पाळ्यांमध्ये बोल्टांनी आवळलेली असतात. उष्णतेने ती मुळे सुकून आकसली तर चाकच सैल होते. अशा वेळी तुंबा न तापविता कडे थंड करणे श्रेयस्कर.

कडे खांद्यापर्यंत टेकले की ठोक्याचा आवाज बदलतो, बोदा आवाज जाऊन खणखणीत येतो. तरीही खात्रीसाठी कड्याच्या मागील फटीत पातळ पट्टी घालून पाहावे. कडे अर्धवट टेकलेले असल्यास ते गाडी चालू लागल्यावर मागे सरकते आणि काळजीपूर्वक ठेवलेली मोकळीक एकाएकी कित्येक पट वाढते. पोकळी झिजून कडे सैल झाले असल्यास पोकळीच्या आत टोच्याने ठिपके पाडून ते ‘घट्ट’ करण्याची युक्ती जुनी आहे. ती ठिपक्यांच्या टोकांपुरतीच टिकते. योग्य उपाय म्हणजे पोकळी लेथवर कातून तीत पोलादी बाही बसविणे व ती मापाला आणणे. झीज अत्यल्प असल्यास हवाबंद फटीत घट्ट होणारे आधुनिक चिकटद्रव्यही उपयोगी पडते.

वंगण : त्या काळी चाकांत चुन्याच्या साबणाचे ग्रीज भरीत. ते पाण्याला दाद देत नाही, परंतु सु. १००° से. च्या आसपास पातळ होऊन वाहू लागते. लिथियमच्या साबणाचे ग्रीज १९४० नंतर प्रचारात आले व ते पुष्कळ अधिक तापमान सोसते. भिन्न साबणांची ग्रिजे एकत्र मिसळल्यास मिश्रण पातळ पडण्याचा संभव असतो; म्हणून जुने ग्रीज निपटून काढल्याखेरीज नवे भरू नये. रूळ व पिंजरा यांच्यामधील प्रत्येक फटीत ग्रीज तळहाताने दाबून भरावे लागते. तुंब्याची मधली पोकळी मात्र ठासून भरू नये. एक तृतीयांश ते निम्मी भरणे पुरे. अधिक ग्रीज घुसळले जाऊन तापते आणि वाट मिळेल तिकडे, बहुधा गतिरोधकावर, जाऊन पडते. आतील बाजूस असलेले नमद्याचे वळे कोरडे बसवू नये. ते कोमट तेलात भिजवून व पिळून बसविल्यास खुंटाला न घासता धूळ अडविते.

मोकळीक ठेवणे : चाक फिरवीत असतानाच बाहेरील शंकू आवळीत न्यावयाचा, इतका की चाक जड फिरू लागावे. असे केल्याने रूळ आपापल्या जागी नीट टेकतात. नंतर शंकू थोडा मागे घ्यावयाचा. निमुळत्या रुळांच्या धारव्यात चाकाची आसाच्या दिशेतील मोकळीक सर्वसाधारणपणे ०·०३ ते ०·१२ मिमी. असावी. हे अंतर मोजण्यास तबकडीचा मापक लागतो. तो नसे तेव्हा जोडारी दोन सोप्या खुणा वापरीत : धावेचा वरचा व खालचा भाग धरून चाक हलविल्यास हाताला जेमतेम कळेल इतकीच खुटखुट असावी, आणि हलकेच फिरवून सोडलेले चाक स्वतःच्या तोलाने झुलत थांबावे, हवेची झडप बहुधा तळाशी यावी. फोर्ड ‘टी’ मध्ये शेवटचा नट आवळला की आट्यांतील फट मिटून शंकू किंचित आत सरकतो. म्हणून नट आवळल्यानंतर तपासणी पुन्हा केलीच पाहिजे. पुष्कळांच्या हातून नेमके हेच राहून जाते.

मोकळीक अजिबात न ठेवणे हा अतिदक्षतेतून होणारा दोष आहे. चालताना धारवा व खुंट तुंब्याच्या मानाने वेगळ्या प्रमाणात तापतात व प्रसरण पावतात. जागा नसल्यास रुळांवरील दाब वाढतो, त्याने उष्णता वाढते, त्याने दाब आणखी वाढतो. शेवटी वंगण जळून रूळ कड्याला चिकटतात. अधिक मोकळीकही वाईटच, पण ती चाकाच्या डगमगण्यातून आधी कळते. चाक डगमगले म्हणजे दोष धारव्याचाच असतो असे मात्र नाही. ज्या उभ्या खुंटीभोवती पुढील चाक वळते ती झिजली तरी अगदी तशीच खुटखुट जाणवते. वळणारा भाग व आस यांच्यामध्ये लाकडी पाचर मारून पुन्हा हलवून पाहावे. खुटखुट थांबली तर धारवा निर्दोष आहे असे ठरते.

मागील चाक : येथे सर्व चित्र पालटते. फोर्ड ‘टी’ चा मागील आस स्वतः फिरतो व चाकाला फिरवितो. गाडीचा भारही तोच पेलतो. आसाचे टोक निमुळते असून त्यावर तितकाच निमुळता पोकळ तुंबा बसतो. खोबणीत एक चावी असते व टोकाशी खाचांचा नट. नटाच्या ओढीने तुंबा निमुळत्या भागावर चढतो आणि दोन्ही पृष्ठभागांमध्ये ओढीच्या कित्येक पट दाब निर्माण होतो. एंजिनाचा पीळ चाकापर्यंत पोहोचतो तो या दाबामुळे होणाऱ्या घर्षणाने. चावी पीळ वाहून नेते हा समज सार्वत्रिक आहे, पण चुकीचा आहे. चावी ही केवळ राखीव व्यवस्था होय. नट सैल राहिला तर प्रत्येक वेळी गती घेताना व थांबताना तुंबा आसावर किंचित पुढेमागे सरकतो, चावीवर हातोड्यासारखे घाव बसतात, खोबणीची कड फाकते आणि चावी कापली जाते. खोबणीच्या कोपऱ्यापासून सुरू झालेली तडही याच हालचालीने वाढत जाऊन आस मोडतो.

म्हणून तुंबा बसविण्यापूर्वी दोन्ही निमुळते पृष्ठभाग तेलग्रीज पुसून स्वच्छ करतात. आसावर निळ्या रंगाचा पातळ हात फिरवून, चावी न घालता, तुंबा दाबून पाहतात. रंग तुंब्यात सर्वत्र उमटला पाहिजे. केवळ एका टोकाला उमटल्यास बारीक घासलेप लावून पृष्ठभाग एकमेकांवर घासतात व पुन्हा पाहतात. चावी खोबणीच्या दोन्ही बाजूंना नेमकी बसावी, पण तिचा माथा तुंब्याला टेकता कामा नये. टेकल्यास तुंबा चावीवर तरंगतो, नट कितीही आवळला तरी निमुळते पृष्ठभाग एकमेकांस भिडत नाहीत, आणि बाहेरून सर्व ठीक दिसते.

नट आवळताना पिनेचे भोक व नटाची खाच एका रेषेत न आल्यास काय करावयाचे, या साध्या प्रश्नाचे उत्तर पुढील व मागील चाकांसाठी परस्परविरुद्ध आहे. ज्या पुढील चाकात नटानेच धारव्याची मोकळीक ठरते, तेथे नट मागे घेऊन खाच जुळवावी. पुढे नेल्यास मोकळीक नष्ट होते. मागील निमुळत्या टोकावर मात्र नट कधीही मागे घेऊ नये. पुढील खाच येईपर्यंत आवळावा आणि तसे शक्य नसल्यास नट काढून पातळ वॉशर घालावा. दोन्हीकडचे नट व पिना दिसावयास सारखेच असल्याने एका चाकाची सवय दुसऱ्याला लावली जाते व अपघाताचे बीज तेथे पडते. गाडी काही किमी. चालविल्यावर मागील तुंबा आणखी थोडा चढून बसतो. तेव्हा पिन काढून नट पुन्हा आवळणे आवश्यक असते आणि नंतरही तो वेळोवेळी पाहावा लागतो.

हाच तुंबा काढावयाचा झाल्यास तुंब्याच्या बाहेरील आट्यांवर बसणारा व मधल्या स्क्रूने आसाच्या टोकावर दाब देणारा खेचक, म्हणजे पुलर, वापरतात. आसाच्या टोकावर हातोडा मारल्यास आटे फुलतात. शिवाय तो घाव आसाच्या आतील टोकाशी असलेल्या वॉशरपर्यंत पोहोचतो, आणि हे वॉशर म्हणजे या गाडीचे सर्वांत दुबळे स्थान आहे.

या आसाच्या बाहेरील टोकाशी हायट धारवे असतात. त्यांतील रूळ भरीव नसून पोलादी पट्टी मळसूत्राप्रमाणे गुंडाळून केलेले, किंचित लवचिक असतात. उजव्या व डाव्या पिळाचे रूळ आलटून पालटून बसविल्याने वंगण दोन्ही बाजूंस पसरते. त्यांचे जनक जॉन वेस्ली हायट हे सेल्युलॉइडच्या शोधामुळे अधिक परिचित आहेत. त्यांच्या धारव्यांच्या कारखान्याची धुरा वाहणारे आल्फ्रेड स्लोन पुढे जनरल मोटर्स कंपनीचे प्रमुख झाले. हे रूळ आसाच्या पृष्ठभागावर सरळ फिरतात, मध्ये वेगळे कडे नसते. त्यामुळे धारवा बदलला तरी झिजलेला आस तसाच राहिल्यास काहीच साधत नाही. आसाची झीज सूक्ष्ममापीने मोजून आधी त्याचा निर्णय करावा लागतो.

हायट धारवा आडवा रेटा घेऊ शकत नाही. तो घेण्यासाठी विभेदी दंतचक्राच्या दोन्ही बाजूंस वॉशर घातलेले असत व ते बॅबिट या कथिलप्रधान मऊ मिश्रधातूचे होते. कालांतराने बॅबिट ठिसूळ होऊन त्याचे तुकडे पडतात. तसे झाल्यास मोठे दंतचक्र बाजूला सरकते, लहान दंतचक्राशी असलेली त्याची पकड सुटते आणि एंजिन व चाके यांचा संबंध तुटतो. या गाडीचा पायाने दाबावयाचा गतिरोधक चाकांवर नसून एंजिनालगतच्या दंतचक्र पेटीत आहे, ही गोष्ट येथे निर्णायक ठरते. संबंध तुटला की तो गतिरोधकही निकामी होतो. मागील एका तुंब्याची चावी कापली गेली किंवा एक आस मोडला तरी परिणाम हाच. कारण विभेदी दंतचक्रामुळे मोकळ्या बाजूकडे गती निघून जाते व दुसऱ्या चाकाला रोध मिळत नाही. चालकाच्या हाती उरतो तो मागील चाकांवरील हाताचा गतिरोधक, तोही उभ्या गाडीसाठी योजलेला. घाटाच्या उतारावर त्याचा भरवसा धरणे धोक्याचे आहे. म्हणून मागील तुंब्याचे काम निघाले की आस उघडून बॅबिटचे वॉशर काशाचे करून घ्यावेत, याविषयी जाणकारांत मतभेद नाही. आस पुन्हा वापरावयाचा असल्यास निमुळत्या भागाची चुंबकीय चूर्णाने किंवा रंगद्रव्याच्या साहाय्याने तडांसाठी तपासणी करणे इष्ट.

इतर रचना : फोर्ड ‘टी’ चा आस अर्धमुक्त प्रकारचा आहे, म्हणजे तो पीळ व वाक दोन्ही सोसतो. १९२७ अखेर आलेल्या फोर्ड ‘ए’ मध्ये तुंबा आसाच्या स्थिर आवरणावरील धारव्यावर फिरतो, त्यामुळे आसावरील भार पुष्कळ हलका झाला. तुंबा व आस यांचा निमुळता सांधा मात्र कायम राहिला. जड वाहनांतील पूर्णमुक्त आसात तुंबा आवरणावरील दोन धारव्यांवर फिरतो व आस केवळ पीळ देतो. तो मोडला तरी चाक जागेवर राहते. रज-व्हिटवर्थ पद्धतीच्या तारांच्या चाकांत तुंब्यावर खाचा असून एकच मोठा मध्यवर्ती नट चाक धरून ठेवतो. अशा नटांवर सोडविण्याची दिशा बहुधा कोरलेली असते. तर्काने ती ठरविण्यापेक्षा वाचणे बरे. ज्या गाड्यांत गतिरोधकाचे पिंप तुंब्यालाच जोडलेले असते, तेथे जुन्या अस्तरांत ॲस्बेस्टस असण्याचा संभव असतो. ती धूळ हवेने न उडविता ओल्या फडक्याने टिपून घ्यावी.

भारतात फोर्ड कंपनीची शाखा १९२६ मध्ये सुरू झाली व मुंबईसह काही बंदरांच्या शहरांत गाड्यांची जुळणी होऊ लागली. जनरल मोटर्सने मुंबईत १९२८ मध्ये जुळणी सुरू केली. त्यामुळे येथील संग्रहांत अमेरिकन गाड्या पुष्कळ आढळतात. त्यांचे धारवे इंचाच्या मापांचे असतात. बाजारात सहज मिळणारे धारवे मिमी. मापांचे असल्याने ते बसविण्यासाठी मधे बाही घालण्याचा किंवा खुंट घासून लहान करण्याचा मोह होतो. बाही काढता येते, पण घासलेला खुंट पूर्ववत होत नाही. शिवाय खांद्याजवळची गोलाई घासताना नाहीशी झाल्यास तेथूनच खुंट मोडतो. निमुळत्या रुळांच्या धारव्यांची कित्येक जुनी मापे प्रमाणित क्रमांकांनी अद्याप तयार होतात, तेव्हा कड्यावरील क्रमांक पुसला जाण्यापूर्वी टिपून ठेवावा. केंद्र शासनाने २०२१ मध्ये केलेल्या नियमांनुसार पहिल्या नोंदणीपासून ५० वर्षे झालेल्या व मूळ स्वरूपात राखलेल्या दुचाकी व चारचाकी वाहनांची ‘व्हिंटेज’ म्हणून स्वतंत्र नोंदणी करता येते. सांगाडा, बाह्य कवच व एंजिन यांत मोठे फेरफार केलेली वाहने या व्याख्येत बसत नाहीत. बॅबिटच्या जागी काशाचा वॉशर, किंवा गोलकांच्या जागी त्याच गाडीच्या उत्तरकाळातील रुळांचे धारवे, हे आतल्या आत राहणारे व पुन्हा उलटविता येणारे बदल आहेत.